बारा टाक्यांत पुढारी

मास्तरांच्या मोजणीप्रमाणे पुढारी बारा टाक्यांत निघायचा. साध्या माणसाला चाळीस-पन्नास लागत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेंगा विकणारा एक म्हातारा होता, दाढीचे खुंट वाढलेला आणि टोकदार कानांचा. मास्तरांनी एकदा हौसेनं त्याला काढलं तेव्हा एकशे सात लागले.

"पुढारी गोल असतो," मास्तर समजावून सांगायचे. "गाल गोल, हनवटी गोल, मान तर दिलेलीच न्हाई. कुठंबी कोपरा न्हाई. सर्रकन निघतो."

हे टाके सुताचे नव्हते. फोटोतल्या माणसामागची भिंत, झाडं, खुर्च्या आणि शेजारी उभी असलेली नकोशी माणसं घालवायची, तर कॉम्प्युटरवर त्या माणसाच्या कडेकडेनं रेघ मारावी लागते. ठिकठिकाणी टिंब द्यायचं, दोन टिंबांमधली रेघ हवी तशी वाकवायची आणि फिरत फिरत पुन्हा पहिल्या टिंबापाशी यायचं. त्या टिंबाला बाकीचं जग नोड म्हणे. मास्तर टाका म्हणत. पंचवीस वर्षं त्यांनी शिंपीकाम केलं होतं, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात माऊस आला म्हणून भाषा बदलावी असं त्यांना वाटत नव्हतं.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. बीडला बसस्टँडमागच्या गल्लीत आप्पांचं डीटीपी सेंटर होतं. आप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या किराण्याचा धंदा. चार भावांत आप्पांनी एकट्यानं गुळाऐवजी कॉम्प्युटर निवडला, पण दुकान उघडल्यावर मॉनिटरला विभूती लावायचं काही सोडलं नाही. मी मराठीत एम.ए. होऊन रिकामा होतो, म्हणून तिथं प्रुफं तपासायचो आणि विशेषणं पुरवायचो. विकासपुरुष, कैवारी, झुंजार, कर्तव्यदक्ष. प्रत्येक नावाआधी निदान तीन लागत. दोन विरोधी गटांना चुकून एकच विशेषण गेलं, तर दुकानाची काच फुटायची भीती असे. बाकी काम शांततेचं होतं.

मास्तर मूळचे तेलगावकडचे. बीडला त्यांचं जेंट्स टेलरिंगचं दुकान चांगलं चालायचं. मग बाजार खुला झाला आणि तयार कपडे एवढे आले, की मास्तरांकडे फक्त पँटी आखूड करायला येऊ लागल्या. तशी पाटी करून घ्यायला ते आमच्याकडे आले. आप्पा तेव्हा एका चेअरमनसाहेबांच्या फोटोमागची भिंत कापत बसले होते. मास्तर दहा मिनिटं मागं उभे राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"ओ आप्पा, कान गेला की त्येंचा!"

"कुठं?"

"ह्यो काय. सरळ रेघ मारली तुमी. मानूस हाय का दरवाजा?"

आप्पा चिडले. म्हणाले, मग करा तुम्हीच. मास्तरांनी चप्पल बाहेर काढली, खुर्चीत बसले, माऊस उलटा करून त्याच्या पोटातली गोळी पाहिली, आणि खडू धरावा तसा तो तीन बोटांत धरला. तासाभरात चेअरमनसाहेबांना कान आला. पाटी करून घ्यायचं मास्तर विसरले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले.

येताना त्यांनी गळ्यातली मेजरटेप तशीच आणली. ती पुढे कायम गळ्यात राहिली. दुकानातल्या प्रत्येक यंत्राला त्यांनी कोटाच्या कापडाचं कव्हर शिवलं. मॉनिटरच्या कव्हरला कॉलर होती. प्रिंटरच्या कव्हरला समोर तीन गुंड्या होत्या, आणि छपाई सुरू करण्याआधी मास्तर त्या वरून खाली, एकेक करून, आदबीनं सोडत. माऊसखाली त्यांना बाजारातलं रबर चालत नसे. अस्तराचं कडक कापड चौघडी करून, टाचून घेतलेलं असे.

पण गंमत होती ती त्यांच्या बोलण्याची. माप घेताना गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांना सवय, त्यामुळे फोटोतल्या माणसाशीही ते बोलत. "हालू नको बे." "मान वर घे." "श्वास सोड की जरा, का फुगून बसलाय?" फोटोतला माणूस आमदार असो की भावी आमदार, मास्तर त्याला 'बे'च म्हणत. एकदा एक पुढारी स्वतः येऊन गुपचूप मागं उभे राहिले होते. मास्तर पडद्यावरच्या त्यांच्या पोटाभोवती रेघ ओढत म्हणाले, "पोट आत घे बे!" मी मागं पाहिलं. पुढाऱ्यांनी खरंच पोट आत घेतलं होतं.

सुरुवातीला त्यांच्या हातून एक चूक व्हायची, आणि ती शिंप्याच्याच हातून होऊ शकते. कापड कापताना शिवणीसाठी बाहेरून मार्जिन सोडतात. मास्तर माणसालाही सोडायचे. त्यामुळे पहिले दोन महिने त्यांनी काढलेल्या प्रत्येक माणसाभोवती मागच्या भिंतीची एक पांढरी किनार उरायची. त्या काळातले जिल्ह्यातले कितीतरी नेते देवांसारखे प्रभावळीसकट छापले गेले. एकानंही तक्रार केली नाही. मास्तरांना ते स्वतःच दिसलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "प्रोफेसर, कळलं. कापडाला मार्जिन भाईरून. मानसाला आतून. अर्धा केस आत गेलं की भाईरचं काईच चिकटत न्हाई." मी प्रोफेसर नव्हतो. ती त्यांनी माझ्या बेकारीची केलेली थट्टा होती.

रेघ पुरी झाली की पुढची पायरी असते. फोटो निवडायचा, मेनूतून हुकूम द्यायचा, मग एक जाड काळा बाण येतो. तो बाण रेघेवर टेकवला की फोटो रेघेच्या आत जाऊन बसतो आणि रेघेबाहेरचं सगळं नाहीसं होतं. इंग्रजी नाव मास्तरांनी पहिल्याच दिवशी फेकून दिलं. ते म्हणत, "खिशात घातला." चुकलं तर हुकूम मागं घेता येई, आणि भिंत, झाडं, खुर्च्या सगळं जसंच्या तसं परत दिसे. त्याला ते खिसा उलटा करणं म्हणत. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, की मागचं काढून टाका, तर मास्तर त्याला थांबवत. "काढत न्हाई आपुन. झाकतो. मागचं मागंच ऱ्हातंय, फकस्त दिसत न्हाई." जिल्ह्याच्या राजकारणावर मी बरंच वाचलं आहे. याहून नेमकं वाक्य मला त्यात सापडलं नाही.

पंचायत समितीच्या निवडणुकीच्या धामधुमीत, एका सकाळी दुकानात एक बाई एकट्या आल्या. मांजरसुंब्यापलीकडच्या एका गावाहून एसटीनं आल्या होत्या. तिशीतल्या असतील. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेला फोटो.

त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि आप्पांचा चेहरा उतरला. त्यांच्या गणातली जागा महिलांसाठी राखीव होती आणि उमेदवार याच बाई होत्या. पण प्रचाराचं पत्रक त्यांच्या मालकांनी आठ दिवसांपूर्वीच ठरवून दिलं होतं. अर्ध्या पानावर मालकांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली मी पुरवलेली विशेषणं, आणि सगळ्यात शेवटी उमेदवार म्हणून बाईंचं नाव. चार वाजता ते छापखान्यात जायचं होतं.

"पत्रकावर माझा फोटो पायजे," बाई म्हणाल्या. "एकलीचा."

आप्पा म्हणाले, "ताई, मालकांना इचारलंय का?"

"हुबी मी हाय, आप्पा. त्येंना कावून इचारू?"

आप्पा माझ्याकडे पाहू लागले. स्त्रियांच्या हक्कांविषयी माझी मतं पक्की होती, म्हणून मी प्रुफात डोकं घातलं.

"आसपासच्या गावांत जाते तर बाया इचारत्यात, तू कोनती?" बाई सांगू लागल्या. "नाव सांगितलं तर वळखत न्हाईत. अमक्याची बायकू म्हनलं की, हां हां, म्हंत्यात. उद्या निवडून आले तर दाखल्याला बी बाया त्येंच्याकडंच जातील. मला बगून वळखायला नगं का कुनी?"

नवा फोटो काढावा, तर स्टुडिओवाला रोल संपल्याशिवाय धुवायला पाठवत नसे. हातात होता तो एकच. मास्तरांनी रुमाल सोडून तो पाहिला. कपिलधारच्या यात्रेत काढलेला. मागं धबधबा, मधोमध टोपी घातलेले मालक, आणि उजव्या कडेला, मालकांच्या खांद्याआड अर्ध्या झाकलेल्या बाई.

"ताई, मागचं काय काय घालवायचं?" मास्तरांनी विचारलं.

"धबधबा," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अन् मालक."

मास्तरांचे डोळे असे चमकले, की जणू कुणी त्यांना लग्नाचा सूट शिवायला दिला. त्यांनी मॉनिटरची कॉलर सरळ केली, घड्याळ पाहिलं. बारा वाजता आमच्या गल्लीतली लाइट जायची आणि कधी यायची ते तिच्या मनावर असे. सव्वादहा झाले होते.

फोटो स्कॅनरखाली गेला. मशीन गरीब होतं. एवढा फोटो पडद्यावर हलवायचा तर प्रत्येक वेळी मिनिटभर थांबावं लागे, म्हणून रेघ पुरी झाली की मास्तर चित्र बंद ठेवून नुसत्या रेघा दिसतील असं करून पुढचं काम उरकत. त्या दिवशी ते 'बे' म्हणाले नाहीत. "ताई, जरा इकडं," असं पडद्याशी हळूच म्हणत ते कपाळावरून निघाले, पदराच्या काठावरून, कानाशी सुटलेल्या दोन बटांवरून. त्या बटा कुणीही सोडून दिल्या असत्या. मास्तरांनी एकेका बटेला सहा सहा टाके घातले. आप्पा दर पाच मिनिटांनी "झालं का?" म्हणत होते आणि मी मोठ्यानं टाके मोजत होतो. माझ्याही अंगात काहीतरी शिरलं होतं. अडुसष्टाव्या टाक्याला मास्तर थांबले.

"खांदा न्हाई."

खरंच नव्हता. उजवा खांदा मालकांच्या मागं होता. आप्पा म्हणाले, "डावा हाय की. त्योच उलटा करून लावा."

"आप्पा, दोन खांदे सारके कुनाचेच नसत्यात." मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथंच अडकले. आयुष्यभर जेंट्स टेलर. बाईमाणसाचं माप कधी घेतलं नव्हतं. त्यांनी मान वळवून टेप पुढे धरली. "ताई, मानंपासून खांद्यापोत्तर तुमीच धरा. दोन्हीकडं."

बाईंनी धरली. अंतर सारखंच भरलं. मग मास्तर चार पावलं मागं गेले, भिंतीला टेकले, डोळे बारीक करून पाहिलं. "उजवा उतरलाय. अर्धं बोट. घागर ह्याच खांद्यावर का?"

"लगीन झाल्यापासनं," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या खांद्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तो त्यांना आताच कुणी दाखवला.

मास्तरांनी तो उतरता खांदा तसाच काढला. साडीचा तुकडा डावीकडून उचलून त्या जागेसाठी ठिगळही तयार करून ठेवलं. बाराला आठ मिनिटं होती. रेघ पुरी. ब्याण्णव टाके. मी ओरडलोच.

"आता खिशात," मास्तर म्हणाले. काळा बाण आला, रेघेवर टेकला. मशीन घरघरलं. मास्तरांनी चित्र चालू केलं आणि पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीनं, ते उमटू लागलं. आधी पदराची कड आली. कडेच्या आत टोपी आली. टोपीखाली कपाळ, मग भरघोस मिशा.

बाईंच्या रेघेत मालक बसले होते.

आदल्या दिवशी व्हायरस शिरला म्हणून मशीन पुसून सॉफ्टवेअर नव्यानं घातलं होतं. त्याची जन्मजात सवय अशी, की फोटो रेघेत घालताना त्याचा मधला भाग आपण होऊन रेघेच्या मधोमध नेऊन ठेवायचा. मास्तरांनी ती खोड मोडून ठेवलेली होती. पुसण्यात ती परत आली होती. आणि फोटोच्या मधोमध कोण उभं होतं, ते वर सांगितलंच आहे.

पहिल्यांदा हसल्या त्या बाईच. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

"मास्तर, घरी बी असंच हाय! भाईरून मी, अन् आत ह्येच!"

"ह्ये काय चाललंय?" दारातून आवाज आला. मालक होते, सोबत दोन कार्यकर्ते. घरी बाई दिसल्या नाहीत आणि फोटोही दिसला नाही, तेव्हा जीप काढून आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. स्वतःच्या मिशा पदराच्या रेघेत पाहून माणसानं नेमकं काय बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याच क्षणी लाइट गेली. यूपीएस किंचाळायला लागला. तो पाच मिनिटं चालायचा.

"मालक, सरका!" मास्तर ओरडले. जिवंत पुढाऱ्याशी ते इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "खिसा उलटा करतो!"

खिसा उलटा झाला. धबधबा, मालक, बाई, सगळं परत आलं.

"हां, आता बरूबर हाय," मालक म्हणाले. "ऱ्हाऊ द्या असंच."

मास्तरांनी ऐकलं नाही. ती मधोमध नेण्याची खोड त्यांनी आधी मोडली. पुन्हा बाण, पुन्हा घरघर. यूपीएसचा आवाज आता सलग झाला होता. पट्टीपट्टीनं पदर आला, कपाळ आलं, दोन बटा आल्या, सरळ समोर पाहणारे डोळे आले. मास्तरांनी ठिगळ उचलून खांद्यावर ठेवलं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर बाई एकट्या उभ्या होत्या.

"अन् मी?" मालक म्हणाले. "मी कुठं गेलो?"

"गेला न्हाईत, आतच हायत. प्रोफेसर, सेव्ह!"

मी जवळ होतो, कळ मी दाबली. खालची पट्टी मुंगीच्या पावलांनी भरू लागली. निम्मी भरली, पाऊण भरली, आणि पडदा काळा झाला.

फाइल राहिली की गेली, हे लाइट आल्याशिवाय कळणार नव्हतं. आप्पांनी चहा मागवला. दुकानात दोन खुर्च्या होत्या. एकीवर मास्तर होते, दुसरीवर बाई बसून होत्या आणि त्या उठल्या नाहीत. मालक उभे राहिले.

"मला कावून झाकलं?" त्यांनी शेवटी विचारलं. मास्तरांना नाही, बाईंना.

"लोकांनी मला बगावं म्हनून."

एक कार्यकर्ता म्हणाला, "मालक, खरं सांगू का? वहिनी लई झ्याक दिसत व्हत्या."

"तू गप बे," मालक म्हणाले. पण मग बराच वेळ ते त्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिले. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. बाईंना असं एकटं त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं असावं. चहा संपल्यावर ते जरा घसा साफ करून म्हणाले, "बरं. पर मी कुठंच न्हाई, असं कसं चालंल? लोक काय म्हंतील?"

मास्तर बाईंकडे वळले. "ताई, मालकांना कुठं ठिवू?"

ते सगळ्यांसमोर विचारलं गेलं होतं आणि उत्तराची वाट मालकही पाहत होते. बाई उठल्या. विझलेल्या काचेवर त्यांनी एक बोट टेकवलं, खाली, उजव्या कोपऱ्यात.

"हितं. बारीक. अन् त्येंची टोपी कापू नका."

तीनला दहा कमी असताना लाइट आली. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचं. मास्तरांनी फाइल उघडली. पदर. कपाळ. बटा. उतरता खांदा. सगळं होतं. आप्पांनी मॉनिटरला नमस्कार केला, कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काचेवर धुळीत बाईंच्या बोटाचा ठसा राहिला होता, बरोबर त्यावर मास्तरांनी मालकांना नेऊन बसवलं.

बाई निवडून आल्या. त्याचं श्रेय आप्पांनी छपाईला दिलं आणि मालकांनी स्वतःला. मास्तरांनी निकाल विचारलासुद्धा नाही. दुसऱ्या कामाला लागले होते.

पण मतदानाच्या चार दिवस आधी मी मांजरसुंब्याला फाट्यावर उतरलो होतो, तेव्हा मालक स्वतः ढाब्याढाब्यावर पत्रकं वाटत होते. एका ट्रकवाल्यानं पत्रक उलटसुलट करून विचारलं, "ह्या कोन?"

"आमच्या हायत," मालक म्हणाले. "नीट बगून घ्या."

"अन् तुमी?"

मालक त्याच्याजवळ वाकले आणि कोपऱ्यात अंगठा ठेवून म्हणाले, "हितं की. ह्यो काय."

मी परत येऊन ही हकिकत दुकानात मोठ्या उत्साहानं सांगितली. काहीतरी इतिहास घडला आहे, अशी माझी समजूत होती, आणि तशा सुरातच मी सांगत होतो. आप्पांनी काम थांबवून ऐकलं. मास्तरांचा हात मात्र माऊसवर चालूच होता. माझं सगळं सांगून झालं तेव्हा ते थांबले आणि काळजीनं माझ्याकडे वळून म्हणाले, "छपाईत टोपी सगळी आलीया न्हवं?"